ब्रेक ड्रायव्हरचा, मग पाना कोणाचा?



४ जुलै २०२३. धुळे जिल्ह्यातील पळासनेर. मुंबई-आग्रा महामार्गावर एक कंटेनर वाहनांना धडकत थांब्याजवळच्या हॉटेलात शिरला. किमान दहा माणसे गेली. कारण दोन शब्दांत सांगितले गेले : ब्रेक निकामी. जणू गारपीटच झाली! पण अवजड गाडीचा ब्रेक सहसा एका क्षणात जात नाही. तो दिवसेंदिवस सैल होत जातो.

वखराची पास झिजली की आपण लोहाराकडे नेतो. ब्रेकचा लायनरही तसाच झिजतो. पण ड्रमच्या आत, म्हणून दिसत नाही. ब्रेक दाबला की हवेच्या जोराने चाकाजवळची दांडी सरकते आणि लायनर ड्रमला घासतो. लायनर झिजला की दांडीला जास्त धाव लागते. धाव संपत आली की जोर एकदम घटतो. त्यात कसाऱ्याचा उतार. तापलेला ड्रम फुगतो, लायनरपासून आणखी दूर जातो. सपाटीवर लागणारा ब्रेक घाटात दगा देतो.

ही धाव आवरतो स्लॅक अ‍ॅडजस्टर. साधा असेल तर गाडीखाली शिरून चाकाचाकाला पाना लावावा लागतो. ऑटो असेल तर तो स्वतःच आवळून घेतो. अमेरिकेत हवेच्या ब्रेकच्या नव्या गाड्यांना तो १९९४ पासून सक्तीचा आहे.

मालक म्हणतात, साधाच बरा, स्वस्त पडतो. पाना स्वस्त, हे खरे. पण पाना लावायला वेळ कोणी दिला? फेरीवर पैसे मिळणारा ड्रायव्हर कसारा उतरून मुलुंड गाठतो, घाटकोपरच्या कोंडीत शंभरदा ब्रेक दाबतो, अंधेरी-बोरिवलीला माल टाकून रातोरात परततो. तो गाडीखाली शिरणार केव्हा? मुलुंड नाक्यावरची जकात १ जुलै २०१७ ला गेली, अवजड गाड्यांचा पथकर राहिला. तिथे पैसे मोजतात, दांडीची धाव नव्हे!

‘ऑटो बसवला, आता बघायला नको’ हेही खोटे. ११ एप्रिल २००३ ला पेनसिल्व्हेनियातील ग्लेन रॉक येथे उतारावर ट्रक थांबेना. दोघांचा जीव गेला. त्या ट्रकला ऑटो अ‍ॅडजस्टर होते, तरी ब्रेक सैल निघाले. तपासाचा निष्कर्ष असा की, ऑटो वारंवार पान्याने आवळावा लागत असेल तर मूळ बिघाड दुसरीकडे असतो आणि आवळल्याने तो झाकला जातो.

यात आपला काय संबंध? कापूस-ज्वारी आपली, ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच कोरडवाहू गावांतली पोरे, आणि भाडे वजा होते आपल्याच भावातून. एवढे भाडे भरून आपल्या पोरांचा जीव पणाला का लावायचा?

म्हणून मागणी करा :

१. फिटनेस दाखल्यावर प्रत्येक चाकाच्या दांडीची धाव मोजून आकडा लिहा.

२. जुन्या गाड्यांना मालकाच्या खर्चाने ऑटो बसवा.

३. साधा आहे तोवर घाटमाथ्यावर पाना लावण्याचा वेळ पगारी धरा.

आणि आपण काय करायचे? मापाबाहेर माल भरायचा नाही. भरण्यापूर्वी चाकांना दगड लावा, एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने खडूची खूण करून दांडी मोजावी. मोजू देत नसेल त्या गाडीत बोंडभर कापूसही टाकू नका.