व्यावसायिक मुष्टियुद्धातील रिकामे महिने

भारतीय मुष्टियोद्धा हौशी स्पर्धांत पदके मिळवतो, मात्र व्यावसायिक रिंगणात उतरल्यावर थोड्याच वर्षांत दिसेनासा होतो, हे आता अनेकदा घडले आहे. त्याचे कारण मात्र वर्तमानपत्री क्रीडापानांवर आणि तालमीच्या कट्ट्यावर सारखेच सांगितले जाते: गड्यात मुळात दम नव्हता, तीन फेऱ्यांची सवय असलेल्याला दहा फेऱ्या झेपल्या नाहीत आणि नाव झाल्यावर त्याची भूकही मेली. हे निदान खेळाडूवर अन्याय करणारे आहे, कारण त्यात लढण्याच्या कुवतीचा निवाडा होतो, पण लढायला मिळाले किती, हे विचारलेच जात नाही. हौशी मुष्टियुद्ध म्हणजे राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखालचे, ऑलिंपिक पद्धतीचे, तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचे मुष्टियुद्ध. त्यात स्पर्धांचे वेळापत्रक संघटना ठरवते आणि निवड झालेल्या खेळाडूला लढत शोधत फिरावे लागत नाही. व्यावसायिक मुष्टियुद्ध खाजगी करारांवर चालते, त्यात लढत चार फेऱ्यांपासून बारा फेऱ्यांपर्यंत असते आणि ती जुळवून आणणे, प्रतिस्पर्ध्याचे मानधन व प्रवासखर्च भागवणे, सभागृह आणि दूरचित्रवाणीची वेळ मिळवणे हे सारे प्रवर्तकाच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या प्रमोटरच्या, हाती असते. प्रमोटरने लढत लावली नाही, तर जगातला उत्तम मुष्टियोद्धाही सराव करीत बसून राहतो.

विजेंदर सिंगच्या कारकिर्दीवर हा मुद्दा तपासून पाहता येतो. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधील आणि 2009 च्या मिलान येथील जागतिक स्पर्धेतील कांस्यपदकांचा हा मानकरी 10 ऑक्टोबर 2015 रोजी मँचेस्टरला व्यावसायिक म्हणून प्रथम लढला, तेव्हा तिशीला टेकला होता. पुढल्या नऊ महिन्यांत त्याच्या सात लढती झाल्या आणि सातवीत, 16 जुलै 2016 रोजी दिल्लीत केरी होपला हरवून, त्याने डब्ल्यूबीओ या जागतिक संघटनेचा आशिया-पॅसिफिक विभागाचा किताब मिळवला. यानंतरच्या सहा वर्षांतही त्याच्या लढती झाल्या सातच. 5 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईत वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात त्याने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीवर गुणांवर विजय मिळवला, डिसेंबर 2017 मध्ये जयपूरला आणखी एक लढत जिंकली आणि त्यानंतर तो थेट जुलै 2019 मध्ये अमेरिकेतील न्यूअर्क येथे रिंगणात दिसला. नोव्हेंबर 2019 मध्ये दुबईला लढल्यावर पुन्हा सोळा महिने रिकामे गेले. 19 मार्च 2021 रोजी पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर, रशियाच्या आर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत थांबवले आणि त्याचा पहिला पराभव झाला. त्यानंतरची लढत व्हायला ऑगस्ट 2022 मधले रायपूर उजाडले.

प्रतिपक्षाचे पहिले म्हणणे असे, की हे खंड त्याने स्वतःच ओढवून घेतले, कारण तो राजकारणात गेला. त्याने 2019 ची लोकसभा निवडणूक दक्षिण दिल्लीतून लढवली हे खरे आहे, पण ती उमेदवारी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आली, मतदान मे महिन्यात झाले आणि जुलैत तो न्यूअर्कला लढलादेखील. 2018 चे अख्खे वर्ष एकाही लढतीविना गेले, त्याचा खुलासा निवडणुकीने होत नाही. 2020 मधली महामारी कुणाच्याच हातातली नव्हती, एवढे मात्र मान्य केले पाहिजे. वयाचा मुद्दा तर प्रतिपक्षावरच उलटतो, कारण तिशीत व्यावसायिक झालेल्या माणसाच्या हाताशी पाच-सहाच कामाची वर्षे असतात आणि म्हणूनच त्याचा एकेक महिना मोलाचा असतो. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात केळीचा घड कापणीला आल्यावर व्यापारी महिनाभर फिरकला नाही, तर शेतकऱ्याला पीक घेता येत नाही असे कोणी म्हणत नाही. मुष्टियोद्ध्याच्या बाबतीत मात्र नेमके तसेच म्हटले जाते.

रिकाम्या महिन्यांत नक्की काय बिघडते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण खेळाडू रोज सराव करतो तेव्हा लढत नसली म्हणून काय बिघडले, असा भाबडा प्रश्न नेहमी विचारला जातो. सरावातली झुंज बहुधा सोळा औंसाचे जाड हातमोजे आणि डोक्याला संरक्षक टोप घालून होते, तर विजेंदरच्या वजनगटातली खरी लढत दहा औंसाच्या हातमोज्यांनी आणि उघड्या डोक्याने होते. सरावातला जोडीदार ओळखीचा असतो, त्याला समोरच्याला गारद करायचे नसते आणि प्रशिक्षकाने हात वर केला की तो थांबतो. समोरच्याचा खांदा हलला की ठोसा कुठून येणार हे ओळखणे, अर्ध्या पावलाचे अंतर राखणे, ठोसा बसल्यावर पुढचे पाच-सात सेकंद तोल सांभाळणे, हे सारे अनोळखी आणि इजा करू पाहणाऱ्या माणसासमोरच टिकते. पणजीच्या त्या रात्री लोप्सान हा जेमतेम सहा व्यावसायिक लढतींचा अनुभव असलेला, पण वयाने तरुण आणि चांगलाच उंच असा प्रतिस्पर्धी होता. पस्तिशीतला, सोळा महिने न लढलेला माणूस अशा लांब हातांच्या प्रतिस्पर्ध्यापुढे उभा करणे, ही जुळवणीच सदोष होती.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. हौशी मुष्टियुद्धात 1992 पासून 2012 च्या ऑलिंपिकपर्यंत यंत्रावर ठोसे मोजून गुण दिले जात, त्यामुळे त्या काळात घडलेले खेळाडू ठोसा लावून झटकन मागे सरण्यात पटाईत झाले आणि अंगावर घेऊन लढण्याची व्यावसायिक रीत त्यांना जमली नाही, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. तरी अमेरिकेचा फ्लॉइड मेवेदर हाही त्याच गुणपद्धतीतून आला होता आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्यालाही कांस्यपदकच मिळाले होते. ऑक्टोबर 1996 मध्ये व्यावसायिक झालेल्या मेवेदरने ऑक्टोबर 1998 मध्ये पहिले जागतिक विजेतेपद जिंकले, ती त्याची अठरावी लढत होती. दोन वर्षांत अठरा लढती एकाच्या वाट्याला आल्या आणि सात वर्षांत चौदा दुसऱ्याच्या. मेवेदरची अलौकिक गुणवत्ता मान्य करूनही हे अंतर पदकांच्या रंगाने किंवा शैलीने स्पष्ट होत नाही.

याची उलट बाजू क्यूबाच्या गिलेर्मो रिगोंदोच्या बाबतीत दिसते. 2000 आणि 2004 अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेल्या या खेळाडूने एप्रिल 2013 मध्ये नोनितो डोनेरसारख्या नामांकित विजेत्याला हरवले, आणि तरीही त्याचा बचावप्रधान खेळ प्रेक्षकांना रुचत नाही, या सबबीखाली प्रमोटर आणि वाहिन्या त्याच्यापासून दूर सरल्या. 2015 आणि 2016 ही दोन वर्षे मिळून त्याला दोनच लढती मिळाल्या. डिसेंबर 2017 मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, दोन वजनगट वर चढून तो वासिल लोमाचेंकोपुढे उभा राहिला आणि सहा फेऱ्यांनंतर त्याने लढत सोडली. लोकांनी त्याला भित्रा म्हटले. त्याच्या कौशल्याची सर्वोत्तम वर्षे कुणी वाया घालवली, हे फार थोड्यांनी विचारले. जो खेळ विकता येत नाही तो खेळच वाईट, हा तर्क विक्रेत्याच्या सोयीचा आहे. अवघड खेळ प्रेक्षकाला समजावून देणे हेच प्रवर्तनाचे काम असते.

भारतातल्या बाकीच्या उदाहरणांतही हेच घडले. बीजिंगमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठणारे अखिल कुमार आणि जितेंदर कुमार वरळीच्या त्याच कार्यक्रमात पहिली व्यावसायिक लढत जिंकले, पण तिथून पुढे कारकीर्द म्हणावी असे काही उभे राहिले नाही. सरिता देवी जानेवारी 2017 मध्ये इंफाळला जिंकून हौशी मुष्टियुद्धाकडे परतली. विकास कृष्णन 2019 मध्ये अमेरिकेत दोन लढती जिंकून टोकियो ऑलिंपिकसाठी मागे फिरला. हे चौघेही व्यावसायिक रिंगणात पहिल्याच पावलाला जिंकले होते, हे ‘दम नव्हता’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

खरा दोष प्रवर्तनाच्या रीतीत आहे. आपल्याकडे व्यावसायिक लढत म्हणजे महानगरातला एक सोहळा, त्यात पाहुणे म्हणून चित्रपट कलाकार, किताबाचा पट्टा आणि महिनाभराची जाहिरात. इतका खर्च वर्षातून एक-दोनदाच पेलतो, आणि मधल्या लहान लढतींना कोणी वालीच उरत नाही. याला पर्याय शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. खानदेशात चैत्र-वैशाखातल्या यात्रांमधून गावोगाव कुस्त्यांची दंगल भरते. नारळावर आणि किरकोळ इनामावर पोरांच्या कुस्त्या आधी लागतात, पंच दोघांचे हात धरून आखाड्यात फिरवतात, लाऊडस्पीकरवरून इनाम पुकारले जाते, गर्दीतला एखादा जण त्यात स्वतःच्या खिशातली नोट घालतो आणि मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी लागते. जोड तोलूनमापून लावली जाते, कारण विजोड कुस्ती लावणाऱ्या पंचाला गाव तिथल्या तिथे जाब विचारते. चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरीने 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरीचे मैदान मारले. असा मल्ल ज्या मातीत तयार होतो तिथे वर्षभर कुठे ना कुठे कुस्ती लागलेली असते. दंगलीतही वशिला आणि फसवणूक होते, हे नाकारण्याचे कारण नाही, मात्र मल्ल वर्ष-दीड वर्ष रिकामा बसत नाही.

व्यावसायिक मुष्टियुद्धाला हीच उतरंड हवी: जळगाव, धुळे, अकोला यांसारख्या शहरांत चार आणि सहा फेऱ्यांच्या, माफक तिकिटाच्या, डॉक्टर आणि रुग्णवाहिका हजर असलेल्या लहान लढती महिन्या-दोन महिन्यांनी झाल्या पाहिजेत. खेळाडूंची वाण नाही. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार हे महाराष्ट्राचे दोन मुष्टियोद्धे भारताकडून लढले होते, आणि आज अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत व पुण्याच्या लष्करी क्रीडा संस्थेत मुले घडत आहेत. दुसरी गरज कायद्याची आहे. अमेरिकेने 2000 मध्ये महंमद अलीच्या नावाने केलेल्या कायद्यात प्रमोटर आणि खेळाडूचा व्यवस्थापक यांचे हितसंबंध वेगळे राखले आणि लढत मिळवण्यासाठी प्रमोटरला पुढल्या लढतींचे हक्क लिहून देण्याच्या सक्तीवर वर्षभराची मर्यादा घातली. आपल्याकडे व्यावसायिक मुष्टियोद्ध्याला असे वैधानिक संरक्षण नाही. ते मिळेपर्यंत चोपड्यातल्या किंवा अकोल्यातल्या मुलाने करारावर सही करण्यापूर्वी मानधनाचा आकडा पाहण्याआधी काही गोष्टी लेखी मागितल्या पाहिजेत: पहिल्या अठरा महिन्यांत किमान किती लढती, त्या न लागल्यास भरपाई किती, प्रतिस्पर्धी नाकारण्याचा हक्क कोणाचा, दुखापतीचा खर्च कोणाकडे आणि सहा महिने लढत मिळाली नाही तर करारातून मोकळे होता येईल का.