सदाफुलीचा काढा नको

गेल्या महिन्यात माझ्या खालाच्या मुलीचा फोन आला. तिची केमोथेरपी सुरू आहे. म्हणाली, "बाजी, माझ्या औषधांतलं एक सदाफुलीपासूनच बनतं म्हणे. अंगणात एवढं रोप आहे, मग पानांचा काढाच घेतला तर? केस तरी जाणार नाहीत." असे इतर घरांतही विचारले जाते, म्हणून उत्तर इथे लिहिते.

तिने ऐकले ते खरे आहे. जमैकात लोक मधुमेहावर या पानांचा चहा पीत. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी पाने तपासली. उंदरांची साखर उतरली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र कमी झाल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हाती आले, पुढे व्हिन्क्रिस्टिन.

हे औषध करते काय? आपल्या पेशीत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बारीक नळ्यांची परांची असते. पेशी दुभंगायच्या वेळी ही जुनी परांची सोडवते आणि त्याच तुकड्यांतून नवी बांधते, सूत कातायच्या चातीच्या आकाराची. तिच्या नळ्या दुप्पट झालेली ४६ गुणसूत्रे पकडतात आणि वाटणी करून दोन टोकांना ओढतात. एक जरी गुणसूत्र पकडायचे राहिले तरी पेशी थांबून वाट पाहते. केवढी ही अल्लाहची हिकमत!

व्हिन्क्रिस्टिन ट्युब्युलिनला चिकटते. नळ्या उभ्याच राहत नाहीत, पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. कर्करोगाच्या पेशी सारख्या विभागतात, म्हणून त्या जास्त सापडतात. पण केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर विभागतात, म्हणून केस गळतात. मज्जातंतूंतही याच नळ्या असतात, म्हणून बोटांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठता होते.

म्हणूनच हे औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून देतात. एक ग्रॅम काढायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. काढ्यात औषध किती आणि इतर विषारी द्रव्ये किती, हे घरी कळायला मार्ग नाही. त्यामुळे काढा केमोऐवजी नको आणि केमोसोबतही नको.

बहिणीला एवढेच सांगितले: केस बहुधा परत येतात. मुंग्या आल्या तर सोसत बसू नकोस, डॉक्टरांना सांग. तारीख चुकवू नकोस. दुआ आम्ही सगळे करतोच आहोत.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.