मुलाखतीत नकार : नाव आड आले की तयारी?

सॉफ्टवेअर कंपनीतून मुलगा हिरमुसला होऊन परतला की आपल्या घरात पहिले वाक्य ठरलेले, "नाव बघूनच काढलं असेल." हे अगदीच खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणे कमी आले.

पण तो अभ्यास बोलावण्याच्या टप्प्याचा आहे. मुलाखतीपर्यंत पोहोचलेला मुलगा ती चाळणी ओलांडून गेलेला असतो. पुढेही भेदभाव होऊ शकतो. मात्र तिथे काय विचारले, ते आपल्याला माहीत असते. त्याच रात्री सगळे प्रश्न वहीत उतरवायला सांगा. क्रमाने लावलेल्या १००० आकड्यांतून एक शोधायला बायनरी सर्चला फार तर १० तुलना लागतात, हे अनेकांना पाठ असते. का, ते सांगता येत नाही. (क्लासवाले पाठांतरच विकतात, हेही आहेच.) उत्तर येत असून इंग्रजीत अडखळला असेल, तर ते दुखणे वेगळे, औषधही वेगळे.

त्यात बाजार मंद. टीसीएसने २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जणांना कमी करण्याचे जाहीर केले. अशा वेळी अम्मी-अब्बांनी लगेच "दुकानावर बस" म्हणू नये. आणि मुलगी असेल तर एका नकारावर स्थळांची बोलणी तर अजिबात सुरू करू नयेत.