अक्षराचे देणेकरी

1882 साली जोतीराव फुल्यांनी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे आपले निवेदन मांडले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून उभा राहतो, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आरोप होता. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी होती. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापुरात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. देशभरातल्या मुलांच्या हक्काचा कायदा व्हायला मात्र 2009 साल उजाडले.

आज शाळेचे दार उघडे आहे. पटावर नाव आहे, गणवेश आहे, दुपारची खिचडी आहे. अक्षर मात्र नाही. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीनुसार 2024 साली ग्रामीण भारतात तिसरीतल्या शंभरांपैकी अवघ्या 27 मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीतही निम्म्याहून अधिक मुले त्यावर अडखळली. पूर्वी आपण बहुजनांच्या मुलांना उंबऱ्याबाहेर ठेवून निरक्षर ठेवले. आता वर्गात बसवून ठेवतो आहोत. हा अन्याय अधिक क्रूर आहे, कारण यात दोष मुलाच्या माथी जातो. परिसर अभ्यास असो की गणिताचे शाब्दिक उदाहरण, चौथीपासून सारे वाचनावरच उभे असते. ज्याला वाचता येत नाही तो मागच्या बाकावर सरकतो, आपण त्याला ‘ढ’ म्हणतो, आणि तो ते खरे मानतो.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे दुखणे अचूक ओळखले. प्राथमिक स्तरावरची पाच कोटींहून अधिक मुले पायाभूत वाचन-गणनाला मुकली आहेत, आणि हा पाया घातला गेला नाही तर उरलेले धोरण त्यांच्या उपयोगाचे नाही, असे त्यात स्पष्ट नोंदवले आहे. हा पाया 2025 पर्यंत घालायचा, असे उद्दिष्ट ठरले. पुढे केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाने ती मुदत 2026-27 वर नेली. मुदत पुढे गेली म्हणून कुठल्या गावात सभा भरली? परीक्षेचा पेपर फुटला की आपण रस्त्यावर येतो. लाखो मुलांचे बालपण फुकट गेले तर आपल्याला पत्ताही नसतो.

मुलांना वाचायला कसे शिकवावे हे आपल्याला ठाऊक नाही, असे मुळीच नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत शिक्षण नेले. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वाचन शिकवण्याच्या कामाला आयुष्य दिले. वाट साधी आहे. बाराखडी सुरात म्हणणारे मूल नुसता क्रम पाठ करते. मधलेच अक्षर दाखवले की गप्प होते. त्याला मोजकी अक्षरे आणि एखाददुसरी मात्रा द्या, लगेच त्यांचे शब्द करू द्या, रोज गोष्ट वाचून दाखवा, हाताळायला पुस्तके द्या. मेळघाटातल्या कोरकू मुलाला आधी कोरकूत बोलू द्या आणि तिथून मराठीकडे न्या. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांचे शिक्षण फडावरही चालू ठेवा. यात अशक्य असे काय आहे?

अशक्य आपण केले आहे. पहिलीचा वर्ग कुणालाही सांभाळता येतो, हा आपला समज. वास्तविक शाळेतला सर्वांत जाणता शिक्षक तिथे हवा. त्याच शिक्षकाला आपण मतदारयाद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याला जुंपतो. आणि आपण, शिकलेले लोक? आपली मुले आपण केव्हाच खासगी शाळांत नेली. ज्या शाळेत आपले मूल नाही, तिची चिंता आपण सोडून दिली. सरकारी शाळेच्या अधोगतीतला हा आपला वाटा आहे, आणि तो कुठल्याही मंत्र्याच्या वाट्याहून लहान नाही.

तेव्हा ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीत, मत मागायला आलेल्या प्रत्येक उमेदवारासमोर एकच प्रश्न ठेवा: या गावातल्या तिसरीच्या किती मुलांना समजून वाचता येते? तिसरी संपण्याआधी प्रत्येक मूल वाचू लागेल, याची जबाबदारी शिक्षकापासून शिक्षणमंत्र्यापर्यंत नावानिशी ठरली पाहिजे. पहिली-दुसरीच्या शिक्षकावरचे शाळाबाह्य काम आजच काढले पाहिजे. हे मागण्याइतकाही वेळ ज्यांना नाही, त्यांनी समतेच्या गप्पा मारू नयेत.