जिद्द कामाची धरा, नाकाची नको

नवा धंदा सुरू करणाऱ्याला जो तो एकच सांगतो, ‘जिद्द सोडू नकोस.’ सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. जिद्दीवर उभे राहिलेले किती तरी धंदे पुढे मालकाच्या हट्टापायी बसलेले आपण पाहतो. म्हणून दुकान असो, खानावळ असो की वर्कशॉप, चालवणाऱ्याने अधूनमधून स्वतःला विचारावं, मी अडून बसलोय ते कामासाठी की नाकासाठी?

पंचाईत अशी, की बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. तेवढंच पाहणारा त्यांना हट्टीच म्हणाला असता. पण त्यांची बाकीची वाटचाल बघा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथे सायकलींचा धंदा केला, मग कडबा कापायचं यंत्र, मग नांगर. बेळगावची जागा सोडावी लागली, तर औंध संस्थानातल्या माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. माल बदलला, गाव बदललं. शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल असं यंत्र बनवायचं, हे मात्र सोडलं नाही.

आता हेन्री फोर्ड घ्या. १९०८ मध्ये त्यांनी ‘मॉडेल टी’ आणली आणि किंमत वर्षागणिक उतरवत साडेआठशे डॉलरवरून तीनशेच्या खाली नेली. शेतकरी, कामगार गाडीत बसले ते या माणसाच्या ध्यासामुळे. पण १९२० नंतर रस्ते सुधारले, लोकांच्या हातात पैसा आला; त्यांना बंदिस्त, आरामशीर, रंगीत गाड्या हव्याशा वाटू लागल्या. जनरल मोटर्सची शेव्हरोले ते देत होती, तेही हप्त्यांवर. फोर्डना मात्र आपल्या गाडीत खोट दिसेना. १९२६ मध्ये अर्नेस्ट कँझलर या त्यांच्याच अधिकाऱ्याने सविस्तर टिपण लिहून सांगितलं, की गिऱ्हाईक हातचं चाललंय, नवी गाडी काढा. काही महिन्यांत घरी गेले ते कँझलर. पुढच्याच वर्षी मे महिन्यात, दीड कोटी गाड्या झाल्यावर, मॉडेल टी बंद करावी लागली. नवी गाडी तयार नव्हती, त्यामुळे कारखाने कित्येक महिने थंड पडले. ‘मॉडेल ए’ आली ती डिसेंबरात.

ध्यास दोघांनाही होता. पण एकाचा जीव गिऱ्हाइकाच्या गरजेत होता, दुसऱ्याचा आपणच घडवलेल्या वस्तूत अडकला. कँझलर चुकीचं बोलले नव्हते. मालकाला नको असलेलं बोलले होते.

आपल्याकडे एवढे मोठे कारखाने नसतील, पण कँझलर प्रत्येक दुकानात असतो. कधी तो गल्ल्यावर बसणारी बायको असते, कधी जुना कारागीर, कधी ‘हल्ली रस्सा पातळ असतो हो’ म्हणणारं रोजचं गिऱ्हाईक. त्यावर आपलं उत्तर तयार असतं, ‘वीस वर्षं हाच रस्सा विकतोय.’ गिऱ्हाईक वाद घालत नाही. पैसे देतं आणि दुसऱ्या दिवसापासून समोरच्या हॉटेलात बसतं. तक्रार करणारा अजून आपल्याकडे येतोय, हे ध्यानात ठेवा आणि उत्तर देण्याआधी तो रस्सा स्वतः चाखून बघा.

दुसरी शाखा काढताना, नवं मशीन घेताना एक आकडा आधीच कागदावर लिहा: यात इतकेच पैसे घालीन, इतके महिने वाट पाहीन. हा आकडा डोकं थंड असतानाच ठरतो. तोटा सुरू झाल्यावर माणूस घातलेला पैसा वाचवत नाही, ‘लोक काय म्हणतील’ ते वाचवत बसतो. मग दागिने गहाण पडतात, चालत्या दुकानाचं खेळतं भांडवल बंद पडलेल्या शाखेत जिरतं. शाखा वेळेत बंद करणं ही अब्रूची गोष्ट नाही, हिशेबाची आहे.

नाक आणखी एका ठिकाणी आडवं येतं, ते वसुलीत. बड्या कंपनीचं काम मिळालं की चारचौघांत सांगायला बरं वाटतं. बिल थकलं तरी मागायला संकोच. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल वा सेवा घेणाऱ्याने करारात कितीही मुदत लिहिली, तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर व्याजासकट. त्यासाठी वेळेत उद्यम नोंदणी करून ठेवा आणि हक्काचे पैसे मागायला लाजू नका.

शेवटचं मागणं. घरात किंवा कामावर एक माणूस असा नेमा, ज्याला तुम्हाला ‘नाही’ म्हणायची मुभा आहे. मोठा खर्च त्याला विचारल्याशिवाय करायचा नाही. दर वेळी त्याचं ऐकलंच पाहिजे असं नाही. पण तो बोलत असताना मध्ये तोंड घालू नका आणि बोलल्याबद्दल डूख धरू नका. एकदा का त्याने बोलणं थांबवलं, की धंद्यात काय बिघडलंय ते तुम्हाला सगळ्यांच्या शेवटी कळेल.