वाण शेतकऱ्याचे, परवाना शेठजीचा

गांजाचे नाव काढले की सभ्य माणसे नाक मुरडतात. मुरडू द्या. हा लेख ओढणाऱ्याविषयी नाही, पिकवणाऱ्याविषयी आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतात पोंडोलँड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १९६० साली सरकारच्या करांविरुद्ध आणि लादलेल्या कारभाऱ्यांविरुद्ध बंड करणारे म्पोंडो शेतकरी ते हेच. रस्ते धड नाहीत, बाजार लांब, कर्ते पुरुष सोन्याच्या खाणीत. मागे राहिलेल्यांनी मक्याच्या सोबतीने गांजा लावला. ते त्याला 'उमया' म्हणतात. उंच वाढणारे, अरुंद पानाचे, पावसावर येणारे हे वाण. ते ना कंपनीने दिले, ना विद्यापीठाने. चांगल्या झाडाचे बी राखून पिढ्यान् पिढ्यांनी ते घडवले. शेजारच्या झुलू मुलखात वडीलधारी मंडळी ते शिंगाच्या हुक्क्यातून ओढीत. वैदू औषधाला वापरीत. बी मूळचे आशियातले. स्वाहिलीत त्याला आजही 'बांगी' म्हणतात. ती आपली भांगच!

मग सरकार जागे झाले. १८७० साली नाताळच्या गोऱ्या सरकारने उसाच्या मळ्यातल्या हिंदी गिरमिट्यांना गांजाची बंदी केली. काळजी त्यांच्या प्रकृतीची कमी, मळेवाल्याच्या कामाची जास्त. १९२८ च्या कायद्याने देशभर तो गुन्हा ठरला. गोरे राज्य १९९४ साली गेले, पण पोंडोलँडवर पोलिसांची हेलिकॉप्टरे त्यानंतरही ग्लायफोसेट फवारीत राहिली. विष गांजा आणि मका असा भेद करीत नाही.

२०१८ साली तिथल्या घटनापीठाने निकाल दिला, की सज्ञान माणसाने स्वतःपुरता गांजा खासगीत लावावा, ओढावा, गुन्हा नाही. २०२४ साली तसा कायदाही मंजूर झाला. म्हणजे शहरातल्या बंगलेवाल्याने परसात हौसेने लावला तर तो नागरिकाचा हक्क, आणि म्पोंडो बाईने पोराच्या फीसाठी पोतेभर विकला तर गुन्हा! विक्रीला परवाना पाहिजे. परवान्याला कुंपण, पहारा, प्रयोगशाळेचे दाखले पाहिजेत. एवढे भांडवल कोणाकडे? शेठजीकडे. बंदी होती तेव्हा तुरुंग शेतकऱ्याला; मोकळीक आली तेव्हा नफा दुसऱ्याला.

भर म्हणून परदेशी संकरित वाणे शिरताहेत. गांजाचे परागण वाऱ्याने होते. शेजारच्या मळ्यातला पराग राखलेल्या बियाण्यात मिसळला की शेकडो वर्षांची निवड थोड्या हंगामांत बिघडते.

कोणी म्हणेल, व्यसनाची तरफदारी करता? नाही. व्यसन वाईटच. पण दारूचे कारखाने सन्मानाने चालतात आणि डोंगरातल्या शेतकऱ्यालाच बेड्या पडतात, तेव्हा प्रश्न नीतीचा राहत नाही, तो धंदा कोणाच्या हाती ठेवायचा याचा होतो.

पीक कोणतेही असो, लायसन्सचे कुलूप लागले की किल्ली शेतकऱ्याच्या हाती कधी येत नाही. म्पोंडो शेतकऱ्याला अनुदान नको, दया नको. त्याने राखलेले बी त्याचे, आणि ते उघड्या बाजारात विकण्याची मोकळीकही त्याची. एवढेच त्याचे मागणे आहे. आपले तरी दुसरे काय आहे?