कोलकात्याचा निनावी सुतार आणि ताटातला कृमी

#थ्रेड #इतिहास

१/ सप्टेंबर १८७४. कोलकात्याच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयात २० वर्षांच्या एका चिनी सुताराचे शवविच्छेदन झाले. त्याच्या पित्तनलिकांत डॉ. जेम्स मॅक्कॉनेल यांना पानासारखे चपटे कृमी आढळले. १८७५ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते वर्णन छापले. चिनी यकृतकृमीची वैद्यकशास्त्रातील ही पहिली नोंद. मॅक्कॉनेल यांचे नाव राहिले. सुतार मात्र ‘चिनी सुतार’ एवढाच उरला.

२/ हा कृमी त्याच्या शरीरात आला कुठून? उत्तर मिळायला साडेतीन दशके लागली. १९१० च्या सुमारास जपानमध्ये कोबायाशी यांनी गोड्या पाण्यातील माशांकडे बोट दाखवले. १९१८ मध्ये मुतो यांनी गोगलगाय शोधली. विष्ठेतून अंडी पाण्यात, तेथून गोगलगाईत, मग माशात आणि कच्च्या माशातून पुन्हा माणसात, असे हे चक्र आहे.

३/ कृमी मात्र शोधाहून फार जुना. चीनच्या वायव्येस, दुनह्वांगजवळ रेशीम मार्गावरील एका टपालठाण्याच्या शौचकूपात सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या, कापड गुंडाळलेल्या काड्या सापडल्या. त्यांवर याच कृमीची अंडी होती. त्या कोरड्या प्रदेशात हे चक्र पूर्ण होणे अशक्य. म्हणजे कुणी प्रवासी शेकडो कोसांवरून हा आजार पोटात घेऊन आला होता.

४/ या कृमीचा भाऊबंद ईशान्य थायलंडमध्ये, म्हणजे ईसानमध्ये आढळतो. तळ्यातले, भातखाचरातले छोटे मासे बारीक चिरून, लिंबू-मिरची घालून केलेला ‘कोई प्ला’ तेथे चिकट भातासोबत खातात. लिंबाच्या आंबटपणाने माशाचा रंग पालटतो, कृमीची पिल्ले मरत नाहीत.

५/ कृमी पित्तनलिकेत वर्षानुवर्षे राहतो, बहुधा मुकाट्याने. सततच्या दाहातून काही दशकांनी कर्करोग उद्भवू शकतो आणि तो ध्यानात येतो तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये थाई कृमीला आणि २००९ मध्ये चिनी कृमीला निश्चित कर्करोगकारक ठरवले.

६/ या इतिहासाचा एक सोपा सारांश नेहमी केला जातो: ‘अडाणी लोक कच्चे मासे खातात.’ हा सारांश अन्यायकारक आहेच, शिवाय तो निरुपयोगी आहे. प्राझिक्वाँटेलच्या गोळीने कृमी मरतो. पण पुढच्या हंगामात तोच मासा, तीच पंगत, तोच संसर्ग. ज्या पदार्थाभोवती शेजारपाजार एकत्र बसतो, तो उपदेशाने ताटातून जात नाही.

७/ मग परंपरा म्हणून गप्प बसावे काय? मुळीच नाही, माणसे मरत आहेत. परंतु सारा दोष खाणाऱ्याच्या जिभेवर टाकला की शौचालयाचा प्रश्न नजरेआड होतो. विष्ठा पाण्यात गेलीच नाही, तर गोगलगाईपर्यंत अंडे पोहोचत नाही. तोच मासा नीट शिजवून खाल्ला, तर पंगत टिकते आणि कृमी मरतो. यातला पहिला उपाय शासनाच्या हाती आहे, दुसरा घराच्या. एकट्या घराला दोषी धरणे हा पळपुटेपणा होय.

८/ रोगाचा इतिहास सूक्ष्मदर्शकापाशी सुरू करण्याची आपल्याला सवय आहे. तो ताटापासून आणि शौचकूपापासून वाचला पाहिजे. कोलकात्याच्या त्या सुताराने काय खाल्ले, कुठल्या नदीचे, कुणासोबत, हे कुणी लिहून ठेवले नाही. ईसानच्या रुग्णाला तरी हे प्रश्न वेळेत विचारले जावेत.

(समाप्त)